कै. डॉ. आनंदीबाई जोशी : एक चरित्र आणि एक विनंती

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभी हयात प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे गेली. विद्वत्तेचा दावा करण्यासारखे आमच्यापाशी काही नाही. तथापि डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावरील धडा आम्ही इतक्या वर्षांत इतक्या वर्गांना शिकविला आहे की, त्यांचे चरित्र आपणांस पाठच आहे असा आमचा समज होता. लेखणी हाती घेऊन त्यांच्याविषयीचा मजकूर पुन्हा वाचू लागलो, तेव्हा हा समज किती उथळ होता ते कळून आले. आम्ही शिकवीत होतो तो धडा खोटा नव्हता. परंतु तो अर्धा होता. उरलेला अर्धा भाग आनंदीबाईंच्या स्वतःच्या पत्रांत होता, आणि ती पत्रे कोणीतरी जपली म्हणून तो आज आपल्या हाती आहे.

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेरच्या स्त्रीचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, दिवा शेजारच्या घरी लागला तरी आपल्या अंगणात उजेड पडतोच. शिवाय या चरित्रातून आपल्या मंडळाने घ्यावयाचा एक बोध आहे. तो शेवटी सांगू.

एक छायाचित्र

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा एक संग्रह आहे. वैद्यकी शिकलेल्या व वैद्यकी केलेल्या स्त्रियांची पत्रे, छायाचित्रे व दप्तरे तेथे जतन करून ठेविली आहेत. त्यातील एक छायाचित्र आमच्या नातीने आम्हांस संगणकावर दाखविले. त्यावरची तारीख १० ऑक्टोबर १८८५ ही आहे. तीन तरुण स्त्रिया आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. एक जपानच्या केई ओकामी, दुसऱ्या दमास्कसहून आलेल्या सबात इस्लामबूली, आणि तिसऱ्या आपल्या आनंदीबाई. अंगावर साडी, चेहरा गंभीर, वय अवघे वीस वर्षांचे. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या त्या तिघी आपापल्या देशातील आद्य स्त्रियांत गणल्या जातात.

ते चित्र आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. कल्याणच्या एका जुन्या वळणाच्या घरातील मुलगी तेथवर कशी पोहोचली, हे आता क्रमाने सांगतो.

बालपण व विवाह

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचे, वडील गणपतराव जोशी. माहेरचे नाव यमुना. एके काळी घराण्याची स्थिती बरी होती. पुढे ती खालावत गेली. आई शिस्तीची व कडक स्वभावाची. यमुनेला तिच्याकडून मायेपेक्षा धाकच अधिक मिळाला. मुलींनी अक्षर गिरविणे हे त्या काळी बहुतेक घरांत अशुभ मानीत, तरी यमुनेचे थोडेसे शिक्षण घरच्या घरी सुरू झाले होते.

सन १८७४ मध्ये, नऊ वर्षांची असताना, तिचा विवाह गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाला. ते टपाल खात्यात कारकून होते, विधुर होते आणि वधूहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. माणूस विक्षिप्त, हट्टी, परंतु एका गोष्टीत त्या काळाच्या फार पुढे. बायकोला शिकवीन, ही त्यांची लग्नाआधीचीच अट होती. लग्नात रिवाजाप्रमाणे वधूचे नाव बदलले गेले आणि यमुनेची आनंदी झाली. ज्या नावाने जग पुढे तिला ओळखणार होते, ते तिचे जन्माचे नाव नव्हते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

गोपाळरावांनी शिकविण्यास आरंभ केला. नातेवाइकांच्या बोलण्याचा अडथळा नको म्हणून त्यांनी कल्याणहून बदली मागून घेतली, व नोकरीच्या निमित्ताने अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे बिऱ्हाड हलत राहिले. नवऱ्याबरोबर फिरावयास जाणारी, पायांत जोडा घालणारी, पुस्तक हाती धरणारी तरुण स्त्री रस्त्यात दिसली की लोक थांबून पाहत, हसत, निंदा करीत. सासरी-माहेरी कोठेच या शिक्षणाला आधार नव्हता.

दहा दिवसांचे मूल

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मुलगा झाला. तो अवघा दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय साह्य मिळाले नाही म्हणून मूल गेले, हा विचार त्या बालमातेच्या मनात रुतून बसला. त्या काळी कुलीन स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगत नसत; स्त्री डॉक्टर तर जवळपास नव्हतीच. सुईण, घरगुती काढा आणि देवावर भरवसा, एवढाच आधार असे. कित्येक बाळंतिणी व अर्भके या लाजेपायी व अज्ञानापायी जात.

दुःख घरोघरी होते. आनंदीबाईंचा मोठेपणा असा की, त्यांनी आपल्या दुःखातून सर्व स्त्रियांचे दुःख ओळखले आणि त्यावर उपाय म्हणून आपणच डॉक्टर व्हावे असे ठरविले. ज्या मुलीने शाळेचे तोंडही नीट पाहिले नव्हते, तिचा हा निश्चय होता.

एका पत्राचा प्रवास

कोल्हापूरच्या मुक्कामात गोपाळरावांच्या मनात अमेरिकेचा विचार आला. पूर्वी कोल्हापुरास असलेले मिशनरी वाइल्डर हे तेव्हा अमेरिकेत एक धर्मप्रसारक मासिक चालवीत. पत्नीचे शिक्षण व आपणांस काही काम, यांविषयी गोपाळरावांचा अर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचला. वाइल्डर साहेबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. धर्मांतर जोशी दांपत्यास मान्य नव्हते. तो मार्ग तेथेच खुंटला.

परंतु छापलेला कागद कोठे जाईल याचा नेम नसतो. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई एके दिवशी दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे पडलेले ते मासिक त्यांनी सहज चाळले. हिंदुस्थानातील एक तरुण स्त्री शिकू इच्छिते, हे वाचून त्यांचे मन हेलावले आणि त्यांनी अनोळखी आनंदीबाईंस पत्र पाठविले. तेथून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. हिंदू सण, रीतिरिवाज, बालविवाह, स्त्रियांची स्थिती, स्वतःची प्रकृती, असे नाना विषय आनंदीबाई इंग्रजीतून लिहीत. कार्पेंटरबाईंस त्या मावशी मानू लागल्या. एकमेकींचे तोंड न पाहता केवळ कागदावर जुळलेले हे नाते रक्ताच्या नात्याहून घट्ट ठरले.

श्रीरामपूरची सभा

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली व बिऱ्हाड कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरास आले. आनंदीबाईंनी एकटीनेच अमेरिकेस जावे असे ठरले, तेव्हा चोहोंकडून ओरड झाली. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्मभ्रष्ट होणे. त्यातून तरुण विवाहित स्त्री, तीही नवऱ्याविना!

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाई लोकांसमोर उभ्या राहिल्या. वय अठराहून थोडे कमी, भाषण इंग्रजीत. लोक जे प्रश्न पाठीमागे विचारीत, ते त्यांनी स्वतःच पुढे मांडले व एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेसच का जाता, येथे शिकण्याची सोय नाही काय, एकट्याच का जाता, परतल्यावर जातीने वाळीत टाकले तर काय कराल, परदेशात संकट ओढवले तर काय, जे कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची किती निकड आहे ते त्यांनी सांगितले. येथील शाळांत आपणांसारख्या स्त्रीस काय सोसावे लागते तेही सांगितले. आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही दिली.

वाचकहो, आम्ही आयुष्यभर वर्गात बोललो. परंतु वडीलधाऱ्यांच्या सभेत दोन वाक्ये बोलावयाची तर आजही आमचा घसा कोरडा पडतो. त्या सभेतील धैर्याची कल्पना यावरून करावी.

दागिने मोडून प्रवासखर्चाची तजवीज झाली. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. कार्पेंटर मावशी त्यांस उतरवून घेण्यास आल्या होत्या.

फिलाडेल्फियातील तीन वर्षे

तो उन्हाळा त्यांनी रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात घालविला. जून महिन्याच्या अखेरीस तेथूनच त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपले इंग्रजी, आपले शिक्षण व आपली ऐपत हे सर्व कॉलेजच्या नियमांपुढे तोकडे पडेल अशी त्यांस भीती होती. त्यांनी ती लपविली नाही. मात्र आपल्या देशातील दुःखी स्त्रियांस त्यांना पटेल अशी वैद्यकीय मदत स्त्रीच्याच हातून मिळावी, या एका हेतूने आपण इतक्या दूर आलो आहोत, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. ते हस्ताक्षरातील पत्र आजही वर सांगितलेल्या संग्रहात आहे.

हे कॉलेज १८५० साली स्थापन झाले. पुरुषांच्या कॉलेजांनी स्त्रियांस दारे बंद केली होती, म्हणून स्त्रियांना वैद्यकाची पदवी देण्याकरिताच ते निघाले. जगात अशा संस्था तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. डॉ. रेचेल बॉडली या रसायनशास्त्राच्या विदुषी तेथे मुख्याध्यक्ष होत्या. त्यांनी आनंदीबाईंस प्रवेश दिला, शिष्यवृत्तीची सोय करून दिली व आईच्या ममतेने सांभाळले.

अभ्यास कठीण होता. त्याहून कठीण तेथील हिवाळा. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही व शाकाहार सोडला नाही. बर्फाच्या प्रदेशात या दोन्ही गोष्टींची किंमत शरीराला द्यावी लागते. पहिल्याच वर्षी त्यांस घटसर्पाचे दुखणे झाले. प्रकृती मुळातच नाजूक. ती पुन्हा पूर्ण सुधारली नाही आणि पुढे क्षयाने घर केले. तरीही शवविच्छेदन, औषधिशास्त्र, प्रसूतिशास्त्र असे विषय त्यांनी नेटाने पुरे केले. पदवीसाठी प्रबंध लिहावा लागे. त्यांनी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिविज्ञानाचा. परक्या भूमीवर शिकताना आपल्या पूर्वजांच्या ज्ञानाकडे पाठ फिरवावी असे त्यांस वाटले नाही.

पुढे गोपाळरावही अमेरिकेस पोहोचले. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. दूरच्या नात्यातील पंडिता रमाबाई इंग्लंडहून या समारंभासाठी मुद्दाम आल्या होत्या. ज्या वयात आपल्याकडील मुली त्या काळी तीन-चार मुलांच्या आया होऊन थकून जात, त्या एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आनंदीबाई डॉक्टर झाल्या. डॉ. बॉडली यांनी ही वार्ता व्हिक्टोरिया राणीस कळविली व राणीकडून त्याची पोचही आली.

परतणे आणि अंत

कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या स्त्री-विभागाची मुख्य म्हणून त्यांची नेमणूक केली. ज्या गावी अमेरिकेचा विचार प्रथम सुचला, त्याच गावी सेवेस आरंभ व्हावा असा योग होता. परंतु तो देहाला मानवला नाही. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मायदेशी परतल्या त्या आजारी होऊनच. पुण्यात आप्तांमध्ये असता २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांनी देह ठेविला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या कामासाठी सर्व सोसले, त्या कामाचा एक दिवसही त्यांच्या वाट्यास आला नाही.

त्यांच्या अस्थींचा अंश गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठविला. मावशींनी तो न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत विधिपूर्वक ठेविला व त्यावर आनंदीबाईंच्या नावाचा दगड उभारला. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरला आहे. ख्रिस्ती कुटुंबाच्या मातीत एक हिंदू कन्या घरच्या लेकीसारखी विसावली आहे.

कोणी काय जपले

येथे आमच्या शाळेतील धडा संपत असे. मुले हळहळत, आम्ही फळा पुसून टाकीत असू आणि गृहपाठ सांगत असू. परंतु चरित्र येथे संपत नाही.

बावीस वर्षांच्या आत मरण आलेल्या, एकही रुग्ण आपल्या देशात न तपासलेल्या स्त्रीची आठवण जगाने का ठेवावी? ती आपोआप राहिली नाही. काही हातांनी ती राखली, आणि त्यांतील बहुतेक हात स्त्रियांचे होते. कार्पेंटर मावशींनी आलेले प्रत्येक पत्र जपून ठेविले. बोस्टनच्या कॅरोलिन डॉल या लेखिकेने ती पत्रे व परिचितांच्या आठवणी घेऊन १८८८ सालीच, म्हणजे मृत्यूनंतर वर्षभराच्या सुमारास, इंग्रजीत चरित्र छापले. आपल्याकडे काशीबाई कानिटकर यांनी थोड्याच वर्षांत पत्रांच्या आधारे मराठीत चरित्र लिहिले. काशीबाई स्वतः लग्नानंतर चोरून-लपून वाचावयास शिकलेल्या. स्त्रीने लिहिलेले स्त्रीचे चरित्र हा मराठीत तेव्हा नवाच प्रकार होता. पुढे १९६८ साली श्री. ज. जोशी यांची कादंबरी आली, तिच्यावरून नाटक आले, २०१९ साली चित्रपट निघाला. शुक्र ग्रहावरील विवरांना थोर स्त्रियांची नावे देण्याची प्रथा आहे. त्यांतील एका विवरास आनंदीबाईंचे नाव दिले आहे.

फिलाडेल्फियाच्या त्या कॉलेजची गोष्ट तर विशेष बोधक आहे. १९७० साली तेथे पुरुषांनाही प्रवेश मिळू लागला व संस्थेचे नाव बदलले. पुढे ती दुसऱ्या संस्थेत विलीन झाली आणि शेवटी ड्रेक्सेल विद्यापीठाचा भाग बनली. मूळ कॉलेज आज त्या नावाने नाही. परंतु विलीन होताना त्यांनी जुनी दप्तरे टाकून दिली नाहीत. विद्यार्थिनींचे अर्ज, पत्रे, छायाचित्रे जपली, त्यांच्या याद्या केल्या, आणि जगातील कोणासही पाहता यावीत म्हणून ती खुली केली. संस्था गेली, पण तिच्या मुली हरवल्या नाहीत.

उलट उदाहरणही त्याच छायाचित्रात आहे. केई ओकामी १८८९ साली पदवी घेऊन जपानला परतल्या व तेथे त्यांनी काम केले. ती हकीकत पुष्कळशी उपलब्ध आहे. सबात इस्लामबूली १८९० साली पदवीधर झाल्या. त्यांच्याविषयी मात्र जगाला फार थोडे ठाऊक आहे. कॉलेजशी त्यांचा संबंध पुढे तुटला, आणि त्यांच्या मागे कार्पेंटर मावशी किंवा काशीबाई कोणी नव्हत्या. तिघींचे आसन एका ओळीत होते. स्मरणाच्या वाट्यात मात्र केवढे अंतर पडले!

आमचा अर्धा धडा

आता आमची कबुली. वर्गात आम्ही हे चरित्र गोपाळरावांच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगत असू. नवऱ्याने शिकविले, नवऱ्याने पाठविले आणि आज्ञाधारक पत्नीने ते पार पाडले, असा आमचा थाट. गोपाळरावांचे ऋण खरेच आहे व ते आनंदीबाईंनी स्वतः मानले आहे. परंतु आनंदीबाईंनी अमेरिकेहून नवऱ्यास लिहिलेल्या एका पत्रात निराळीच हकीकत आहे. कोवळ्या वयात नवऱ्याने लाकडाने मारले, अंगावर वस्तू फेकल्या, सोडून जाण्याची धमकी दिली, हे सर्व त्यांनी त्यात नोंदविले आहे. या वागणुकीचा आपल्या मनावर काय परिणाम झाला हेही त्यांनी शांतपणे मांडले आहे. हे पत्र नसते तर हे कोणास कळले असते? विदुषी मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंची पत्रे अभ्यासून सिद्ध केलेला ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातून ही स्त्री केवळ कोणाच्या हातची बाहुली नव्हती, हे स्पष्ट दिसते. ती विचार करीत होती, वाद घालीत होती, उपकार मानीत होती आणि अन्यायाला अन्याय म्हणत होती. नवऱ्याचा हट्ट खरा आणि तिचा स्वतःचा निश्चयही खरा. धड्यात पहिलाच छापला होता, आणि आम्ही दुसऱ्याचा शोध कधी घेतला नाही.

अनेक वर्षांपूर्वीच्या विद्यार्थिनी आज आज्या झाल्या असतील. त्यांपैकी कोणी ही स्मरणिका वाचीत असल्यास, आपल्या गुरुजींनी हा धडा अर्धा शिकविला होता, एवढे त्यांनी ध्यानी घ्यावे. तो येथे पुरा करीत आहोत.

आपल्या घरी काय आहे

दुसरी कबुली अधिक जड आहे. आमच्या आत्याबाई बालपणीच विधवा होऊन आमच्या घरी परतल्या होत्या. वयाच्या तिशीनंतर त्या आमच्या आजोबांपाशी अक्षरे शिकल्या. पुढे आळीतील कित्येक बायका सासरी-माहेरी पाठवावयाची पत्रे त्यांच्याकडून लिहवून घेत. मुलींची दुखणी, बाळंतपणे, रुसवे, देणीघेणी असे सर्व काही त्या पत्रांत असे. आलेली उत्तरे व स्वतःच्या टिपणांच्या वह्या आत्याबाईंनी एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेविल्या होत्या. त्या वारल्या. काही वर्षांनी घराच्या वाटण्या झाल्या. माळा रिकामा करावयाचा होता. ती ट्रंक आम्हीच खाली उतरविली. पत्रा बरा होता म्हणून ट्रंक ठेवून घेतली, आणि आतले कागद रद्दीवाल्यास दिले. त्याचे किती पैसे आले तेही आज आठवत नाही.

फिलाडेल्फियातील ते हस्ताक्षर पाहिले त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. परक्या देशातील परक्या लोकांनी आमच्या प्रांतातील मुलीचा एक अर्ज शंभर वर्षांहून अधिक काळ जपला, आणि आम्ही, ज्यांनी जन्मभर अक्षरे शिकविली, त्यांनी आपल्याच घरच्या स्त्रीची अक्षरे वजनावर विकली. आत्याबाईंचे माहेरचे पाळण्यातील नाव काय होते, हे सांगणारे आज घरात कोणी उरलेले नाही.

आपल्या मंडळाचा कुलवृत्तांत आम्ही त्यानंतर मुद्दाम उघडून पाहिला. कष्टाने सिद्ध केलेला तो ग्रंथ आहे. संपादकांच्या श्रमांस आमचा नमस्कार. परंतु त्यात पुरुषांचे शिक्षण, नोकरी, इनामे, प्रवास असे सविस्तर आहे; स्त्रियांपुढे बहुधा सासरचे नाव व मुलांची संख्या एवढेच. लेक असेल तर लग्न होताच तिची ओळ संपते; सून असेल तर लग्नापूर्वी ती कोणी नव्हतीच असे वाटते. आनंदीबाई आपल्या ज्ञातीत जन्मल्या असत्या, तर कल्याणच्या यमुनेची नोंद आपण कशी केली असती, हा प्रश्न आम्हांस टोचत राहिला.

विनंती

म्हणून मंडळापुढे व सर्व सभासद कुटुंबांपुढे आमची नम्र विनंती अशी आहे.

प्रत्येक घराने आपल्या घरातील सर्वांत वयोवृद्ध स्त्रीपाशी बसावे व तिचे माहेरचे नाव, गाव, शिक्षण, तिने केलेली कामे आणि तिला आठवणाऱ्या तिच्या आई व आजीची हकीकत लिहून घ्यावी. दोन पाने झाली तरी पुरे. जुनी पत्रे, वह्या, ओव्यांच्या व पाककृतींच्या चोपड्या, औषधांची टिपणे, शाळेचे दाखले आणि मागे नावे लिहिलेली छायाचित्रे रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाच्या कार्यालयात दाखवावीत. कार्यालयात एका कपाटाची सोय व्हावी, आणि आलेल्या वस्तूंची यादी एका वहीत नीट ठेवावी. कुलवृत्तांताची पुढील आवृत्ती निघेल, तेव्हा प्रत्येक स्त्रीची दोन्ही नावे त्यात यावीत. कपाटाचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनातून देण्याची आमची तयारी आहे, आणि यादी लिहिण्याचे कामही आम्ही करू. अक्षर अजून बरे येते.

संग्रहालय म्हणजे राजेमहाराजांची हत्यारे व सिंहासने, असा आपला समज असतो. परंतु एक अर्ज, एक छायाचित्र आणि मावशीस लिहिलेली काही पत्रे, एवढ्यावर फिलाडेल्फियाचे लोक आनंदीबाईंची स्मृती राखून बसले आहेत. आपल्या माळ्यांवरही असे कागद आहेत. आत्याबाईंचे गेले, ते परत येणार नाहीत. तुमच्या घरचे अजून असतील. या स्मरणिकेचे हे पान उलटण्यापूर्वी एकदा माळ्यावर पाहून यावे.

— एक निवृत्त शिक्षक